आधी प्रश्न, मग विद्यापीठ

रोम शहरात संयुक्त राष्ट्रांची एक संस्था आहे, आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी. सगळे तिला ‘इफाड’ म्हणतात. या संस्थेच्या कर्जातून महाराष्ट्रात २००७ पासून ‘तेजस्विनी’ कार्यक्रम सुरू झाला आणि तो राबवला महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे आपल्याकडच्या बायांच्या तोंडी असलेल्या ‘माविम’ने. गोंदिया जिल्ह्यातले बचत गट, त्यांना जोडणारी लोकसंचालित साधन केंद्रं, गटाचा हिशेब, बँकेच्या कर्जाची फेड या सगळ्याला त्या कार्यक्रमाचा हात लागलेला आहे. तिरोडा तालुक्यातल्या एखाद्या मुलीला आंतरराष्ट्रीय विकास म्हणजे जिनिव्हा, न्यूयॉर्क असं काहीतरी दूरचं वाटतं. प्रत्यक्षात तिच्या आईने त्या क्षेत्राच्या कागदावर कितीतरी वेळा सही केलेली असते. त्या कागदावर आपण आजवर लाभार्थी म्हणून आहोत. आराखडा लिहिणारे, पैसे कुठे जावेत हे ठरवणारे आणि काम झालं की नाही ते तपासणारे लोक बाहेरून येतात. त्या बाजूलाही आपली मुलंमुली बसली पाहिजेत, एवढ्यासाठी ही पुस्तिका तयार झाली आहे.

पुढच्या पानांत अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या आणि अर्जाची कागदपत्रं यांची माहिती आहे. ती इथे पुन्हा देत नाही. ती माहिती कोणत्या क्रमाने वापरावी, याबद्दल मला जे मनापासून वाटतं ते सांगतो. या विषयावर बोलायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, कोणतं विद्यापीठ चांगलं?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की तुम्हाला कशाचं उत्तर शोधायचं आहे? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे त्याला विद्यापीठ निवडायला फार वेळ लागत नाही. ज्याच्याकडे ते नाही तो लाखो रुपयांचं कर्ज काढून परदेशी जातो आणि वर्षभराने पदवी घेऊन त्याच संभ्रमात परत येतो.

प्रश्नांच्या बाबतीत तिरोडा गरीब नाही. गावाच्या उशाशी ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प उभा आहे, ६६० मेगावॅटचे पाच संच. तो आला तेव्हा जमीन गेली, नोकऱ्या आल्या, भाडेकरू आले, दुकानं वाढली. वैनगंगेचं पाणी आणि कोळशाची राख हे विषय चहाच्या टपरीवर पोचले. आता पुढचं बघा. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला. म्हणजे आज शाळेत असलेल्या मुलांच्या हयातीतच कोळशावरच्या केंद्रांचं काय करायचं हा प्रश्न येणार. दक्षिण आफ्रिकेत तो आलाही. तिथल्या म्पुमलांगा प्रांतातलं कोमाटी हे कोळशावरचं केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. त्या जागेचा सौर आणि पवन ऊर्जेसाठी वापर करायला जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलरचं अर्थसाह्य मंजूर केलं. तरी ज्यांचं पोट त्या केंद्रावर होतं त्या कंत्राटी कामगारांचं आणि आसपासच्या छोट्या धंद्यांचं काय, हा वाद तिथे पेटलेलाच राहिला. जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून कोळशावरची वीज उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबवायचं ठरवलं आणि खाणपट्ट्यातल्या प्रदेशांसाठी वेगळा पैसा बाजूला काढला. हे सगळं आज जगभरच्या विद्यापीठांत ‘न्याय्य संक्रमण’ या नावाने शिकवलं जातं. त्या वर्गात बसलेल्या बहुतेकांनी कोळशाचं गाव पाहिलेलं नसतं. तिरोड्याची मुलगी तिथे बसली तर कंत्राटी कामगाराचा पगार, त्याच्या खोलीचं भाडं आणि केंद्र बंद पडलं तर कोणकोणती दुकानं बंद होतील, हे ती न पाहता सांगू शकेल. तिचा प्रवेशअर्ज वाचणाऱ्याला हे वेगळेपण पहिल्या परिच्छेदातच दिसतं.

दुसरा प्रश्न तलावांचा. झाडीपट्टीत हजारो मालगुजारी तलाव आहेत, आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने हे तलाव बांधले. पाणी कुणाच्या बांधीत आधी जाणार, पाट कोण साफ करणार, मासे कोण धरणार याच्या रीती ठरलेल्या होत्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि त्यांची देखभाल हे कुणाचंच काम राहिलं नाही. गाळ साचला, पाळी खचल्या, बेशरम माजली. धानाचं ओलित आणि ढिवरांची मासेमारी दोन्हींना फटका बसला. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ढिवर समाजाच्या बायकांबरोबर तलावातल्या देशी वनस्पती आणि देशी मासे परत आणण्याचं काम करतं आहे, ते जाऊन बघण्यासारखं आहे. सामायिक पाणी, कुरण, जंगल लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात का, यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन संशोधक बाईंनी आयुष्य घालवलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. मेंढ्याला तो हक्क सहज मिळाला नाही. तिथे कितीतरी वर्षं आधीपासून गावाचा अभ्यासगट बसत होता. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल गावकऱ्यांबरोबर कायदा वाचत होते, जंगलातल्या वस्तूंची मोजदाद करत होते, निर्णय सर्वसहमतीने घेत होते. पुढच्या शिक्षणाचा विचार करताना मेंढ्याचा अभ्यासगट मी विद्यापीठांच्या बरोबरीने मोजतो.

आता महाराष्ट्रातल्या ज्या लोकांच्या कामाने जगाची धोरणं बदलली त्यांनी शिक्षण कोणत्या टप्प्यावर घेतलं ते पाहू.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. नंतर नगर जिल्ह्यातल्या वडाळा इथल्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षं काम केलं. रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि तोच आजार घेऊन परत येतो, हे त्यांनी तिथे रोज पाहिलं. हा प्रश्न सोबत घेऊन ते अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि १९७० मध्ये जामखेडला परतले. दुष्काळी तालुका, जातीच्या भिंती पक्क्या, डॉक्टर नाहीतच. त्यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना, त्यातल्या बऱ्याच निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. १९७८ मध्ये अल्मा-आटा इथे जगातल्या देशांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा केला, त्यामागे जे अनुभव होते त्यांत जामखेड होतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नंतर उलटी वाट सुरू झाली: शंभराहून जास्त देशांतले लोक शिकायला जामखेडला आले.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची. दोघेही नागपूरला वैद्यक शिकले. त्यानंतर वर्धा जिल्ह्यात खेड्यांत काम केलं. त्या काळात अभय बंगांनी शेतमजुराच्या किमान वेतनाचा हिशेब तपासला. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या समितीने जी मजुरी ठरवली होती ती कशी कमी पडते हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. म्हणजे आकड्यांची ताकद त्यांना परदेशात जाण्याआधीच कळली होती. मग जॉन्स हॉपकिन्सला एक वर्ष, १९८४ मध्ये पदवी, आणि परत येऊन गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था. राणी बंगांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, तेव्हा स्त्रीचं आरोग्य म्हणजे फक्त कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, असं मानणाऱ्या जगभरच्या संस्थांना विचार बदलावा लागला. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास आला. गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बाईने बाळाची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. आज तिरोड्यातल्या खेड्यात आशा ताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते, बाळाचं वजन करते, ती पद्धत तिथून देशभर गेली.

या दोन्ही जोडप्यांचं परदेशातलं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण थोड्याच काळाचं. त्याआधी काही वर्षांचं काम होतं आणि नंतर आयुष्यभराचं. परदेशात त्यांनी मोजायची रीत घेतली. मोजायचं काय, ते वडाळ्याला आणि वर्ध्याला ठरलं होतं. मी आग्रह धरतो तो याच क्रमाचा.

त्यांच्या कितीतरी आधी, १९१३ मध्ये, बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. बाबासाहेबांची विद्यापीठं सगळ्यांना पाठ असतात. १९१८ चा त्यांचा लहान शेतजमिनींवरचा निबंध मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो. जमिनीचे तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवर रिकामा पडलेला माणूस उद्योगात गेला पाहिजे आणि शेतीत भांडवल आलं पाहिजे, असं त्यांनी त्यात मांडलं. विकासाच्या अर्थशास्त्राला स्वतःचं नाव मिळण्याच्या आधीचं हे लिखाण आहे. दीड-दोन एकर धानावर घर चालवणाऱ्याने ते जरूर वाचावं. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. ज्यांना आपण निवडून दिलं नाही त्यांचं लिखाण तरी आपण वाचायला हवं.

आता शिक्षणाच्या वाटा. माझं मत असं, की पहिली पदव्युत्तर पदवी शक्यतो भारतातच घ्यावी. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून आहे आणि बहुतेकांना तेवढीच माहीत असते. तिचाच तुळजापूरचा परिसर ग्रामीण विकासासाठी मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथे वर्ग संपला की समोर मराठवाड्याचं खरं खेडं असतं. सहकार, उत्पादक कंपन्या, धानाचा बाजार यांत रस असेल तर आणंदची ‘इर्मा’, वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये काढलेली. अभियंता असाल आणि यंत्रापेक्षा ते वापरणाऱ्या माणसांत जीव रमत असेल तर आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ हे केंद्र. जंगल हा विषय असेल तर भोपाळची वन व्यवस्थापन संस्था. नागझिऱ्याच्या कडेला वाढलेल्या मुलाला तिथे शिकवायला शिक्षकांनाही आनंद होईल. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकास या विषयात एमए आहे आणि घरची मिळकत पाहून शुल्कात मोठी सवलत मिळते. आकड्यांशी ज्यांची दोस्ती आहे त्यांनी देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था विसरू नये. १९५६ पासून तिथे आशिया-आफ्रिकेतल्या देशांचे विद्यार्थी शिकायला येतात. मुंबईतच बसून आंतरराष्ट्रीय वर्ग मिळतो, तोही खाजगी संस्थांच्या मानाने अगदी थोड्या शुल्कात.

ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी इग्नूचं ग्रामीण विकासातलं एमए आहे. नागपुरात समाजकार्याची जुनी महाविद्यालयं आहेत. इथे शिकलं तर ‘मोठ्या’ ठिकाणी पुढे प्रवेश मिळत नाही हा समज काढून टाका. आणि एक गोष्ट मोबाईलवर शिकता येते: अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या केंद्राने विकासाचं अर्थशास्त्र आणि आकडेवारी यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम खुले केले आहेत. ऐकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेचं शुल्क मिळकतीनुसार ठरतं. ते पूर्ण करणाऱ्यांना एमआयटीच्या त्याच विषयातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो आणि त्यासाठी पदवीची अट नाही. गणिताला घाबरून समाजशास्त्राकडे वळलेल्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे, या अभ्यासक्रमांपासून पळू नका. आकडा वाचता न येणारा विकास कार्यकर्ता दुसऱ्याच्या निष्कर्षावर अवलंबून राहतो.

परदेशाचं म्हणाल तर इंग्लंडमधली ससेक्सची विकास अभ्यास संस्था आणि लंडनचं ‘सोआस’, नेदरलँड्समध्ये हेगची सामाजिक अभ्यास संस्था ही या विषयाची जुनी घरं. इंग्लंडची पदवी एका वर्षाची, पण शुल्क आणि राहणं मिळून खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. शिष्यवृत्तीशिवाय, शेत गहाण ठेवून ही वाट धरू नये. या क्षेत्रातले पगार ते कर्ज फेडायला पुरत नाहीत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती सगळा खर्च उचलते. त्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. जर्मनीच्या ‘डाड’ची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्तीही दोन वर्षांचा अनुभव मागते. फुलब्राइट-नेहरू तीन वर्षांचा. म्हणजे ‘आधी काम’ ही अट मी एकटा घालत नाही. युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस अनुभवाशिवायही मिळू शकते आणि त्यात दोन-तीन देशांत शिकता येतं. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. मात्र शिष्यवृत्ती नसेल तर वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे, २०२४ च्या नियमाने ११,९०४ युरो, आधी बँकेत अडकवून दाखवावे लागतात. एजंट हे शेवटी सांगतो.

महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्यांबद्दल आपल्याकडे फार अज्ञान आहे. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, दरवर्षी ७५ जागा. अनुसूचित जमाती, इतर मागास, विमुक्त-भटके, मराठा-कुणबी यांच्यासाठी वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून जुन्या परिपत्रकावर विसंबू नका. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो. वंचित घरातल्या मुलाने परदेशात जाऊन आपल्याच समाजाचा अभ्यास करायचा नाही, तर तो कुणी करायचा? अर्जातला विषय लिहिताना ही अट लक्षात ठेवावी लागते. बुलढाणा जिल्ह्यातून आलेले राजू केंद्रे यांनी यवतमाळमध्ये ‘एकलव्य’ ही संस्था सुरू केली आणि नंतर, २०२१ मध्ये, ते चेव्हनिंगवर ‘सोआस’ला गेले. घराण्यात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना अर्ज लिहायला ‘एकलव्य’ मदत करते. तिरोड्याच्या मुलांनी त्यांना गाठावं.

पदवी नसलेल्या, पण गावात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांसाठीही दारं आहेत, आणि या पुस्तिकेत त्यांना जागा मिळाली याचा मला विशेष आनंद आहे. जपानच्या तोचिगी प्रांतात १९७३ पासून ‘एशियन रूरल इन्स्टिट्यूट’ चालते. आशिया-आफ्रिकेतले ग्रामीण कार्यकर्ते तिथे नऊ महिने एकत्र राहतात, शेती करतात, नेतृत्व शिकतात. धानाच्या बांधीत वाढलेल्या माणसाला तिथलं शेत परकं वाटणार नाही. कॅनडात अँटिगोनिशचं ‘कोडी’ हे असंच, १९५९ पासूनचं. बचत गटाचं साधन केंद्र सांभाळणारी बाई या दोन्ही ठिकाणी शोभेल. तिच्याकडे इंग्रजी कमी आहे, म्हणून तिने आत्तापासून रोज अर्धा तास इंग्रजी बोलावं, चुकत का होईना.

नोकऱ्यांबद्दल खोटी आशा लावणार नाही. अमेरिकेची यूएसएड ही संस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली. ब्रिटनने आपली परदेशी मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. हजारो अनुभवी माणसं घरी बसली आहेत आणि तुमची स्पर्धा त्यांच्याशीही आहे. त्याच वेळी भारत स्वतः इतर देशांना मदत करणारा देश झाला आहे. १९६४ पासून ‘आयटेक’ योजनेखाली आफ्रिका-आशियातले अधिकारी भारतात प्रशिक्षणाला येतात, आणि २०१२ पासून परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारीचा वेगळा विभाग आहे. यापुढे या क्षेत्रातली कामं वॉशिंग्टनपेक्षा नैरोबी, ढाका, दिल्ली इथे जास्त निघतील असा माझा अंदाज आहे. तिथल्या भाषांची धास्ती नको: घरी पोवारी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत मराठी असं वाढलेलं मूल कुठलीही नवी भाषा लवकर उचलतं. शक्य असेल तर फ्रेंच शिका. पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत तिच्यावाचून अडतं.

पालकांना एक विनंती. पदवीनंतर मुलगी दोन वर्षं एखाद्या संस्थेत थोड्या मानधनावर काम करायचं म्हणाली तर ती वाया गेलेली वर्षं समजू नका आणि तेवढ्यात तिचं लग्न उरकू नका. मोठ्या शिष्यवृत्त्या त्याच दोन वर्षांवर मिळतात.

आणि विद्यार्थ्यांनो, पदवीच्या दुसऱ्या वर्षातच सुरुवात करा. आपल्या तालुक्यातलं एक गाव निवडा, तिथला एकच प्रश्न घ्या: तलाव, राख, तेंदूपत्त्याची मजुरी, रोवणीच्या हंगामातली बायकांची कंबर, काहीही. वर्षभर जा, माणसांशी बोला, मोजा, मराठीत दहा पानं लिहा. ती दहा पानं घेऊन ही पुस्तिका तयार करणाऱ्या शिक्षकांकडे या. कोणतं विद्यापीठ, ते आपण त्या दिवशी बसून ठरवू.